अकरा जानेवारीचे पान

सोमवार, १२ फेब्रुवारी १९९६. सातारा.

अहवालातील पहिलेच विधान चुकीचे आहे! "तक्रारदाराच्या म्हणण्यानुसार दि. १२ जानेवारीच्या रात्री दुर्लक्ष झाले." तक्रारदार असे कधीही म्हणालेला नाही. ती रात्र ११ जानेवारीची, गुरुवारची. शस्त्रक्रिया आदल्या दिवशी, बुधवारी झाली. तीही हर्नियाची नव्हे, प्रोस्टेटची. आणि मी निवृत्त मुख्याध्यापक आहे, निवृत्त कारकून नव्हे. सांगलीच्या एवढ्या मोठ्या रुग्णालयाची चौकशी समिती, पाच विद्वान सभासद — आणि स्वतःच्या रुग्णालयाचा केसपेपर एकालाही धड वाचता आला नाही.

एक वाक्य मात्र निर्दोष आहे : "तक्रारदाराची स्मृती स्वच्छ असून त्यांच्या नोंदी विश्वसनीय आहेत."

शेवटचा परिच्छेद तीनदा वाचला. "प्रशिक्षणार्थी परिचारिका कु. रेश्मा हिने रक्तदाबाच्या खोट्या नोंदी केल्या. तिचे प्रशिक्षण समाप्त करण्याची शिफारस." अंतिम सुनावणी ४ मार्च.

मी हे मागितले नव्हते. माझी मागणी अशी होती की, बेचाळीस खाटांचा कक्ष रात्री एका शिकाऊ मुलीवर सोडू नये. निवासी डॉक्टरांना सलग दोन रात्री जागवू नये. आणि शिकणाऱ्याच्या पाठीशी रात्री शिकवणारा असावा. पद्धत सुधारा म्हणालो, त्यांनी एक मुलगी शोधली!

परंतु नोंदी खोट्या आहेत, हेही खरे. सहा वेळा तपासल्याच्या सहा नोंदी मी केसपेपरवर पाहिल्या — एकच शाई, एकच तिरपे वळण. चाळीस वर्षे गृहपाठ तपासला आहे. एका बैठकीत उतरवलेले मला ओळखू येते.

मंगळवार, १३ फेब्रुवारी.

खात्रीसाठी ११ जानेवारीचे पान काढले. अक्षर थरथरते आहे, मजकूर स्पष्ट आहे : "रात्रभर कोणी फिरकले नाही. घसा कोरडा. लीला उशाशी होती म्हणून निभावले. हाक मारली की ओ देत होती. चमच्याने पाणी पाजले. तळहातावर तिने शाईने आकडे लिहिले होते — कोणाचा तरी फोन नंबर असावा. हातावर लिहिणे शोभत नाही."

तक्रारीत पहिलेच वाक्य दिले होते. पुढचे घरगुती; ते सरकारी कागदावर कशाला?

लीलेला त्या रात्रीबद्दल मी अजून काही बोललेलो नाही. बायकोचे आभार मानायची आमच्याकडे रीत नाही. तिनेही विषय काढला नाही.

रविवार, १८ फेब्रुवारी.

डॉ. जयराज आठवला. त्या कक्षावरचा निवासी डॉक्टर. टाके पाहता पाहता डुलकी घेत होता. सुटी मिळण्याच्या दिवशी मी विचारले, "तुम्हांला रात्री शिकवते कोण?" हसला. "सर, दुसऱ्या वर्षाचा पहिल्या वर्षाच्याला शिकवतो. दुसऱ्या वर्षाचा झोपला, की पेशंट शिकवतो."

याचे नाव अहवालात नाही. त्याला शिकवणाऱ्यांचेही नाही. का?

गुरुवार, २२ फेब्रुवारी.

समितीला तारखांच्या दुरुस्तीचे पत्र धाडले. मुलीविषयी काय लिहावे ते सुचेना. काहीच लिहिले नाही.

रविवार, २५ फेब्रुवारी.

सकाळी दारात एक उंच गृहस्थ. खाडकन सलाम! नाथाजी, कडेगावचे, फौजेतून निवृत्त, आता ऊस. रेश्माचे वडील. काखेत गुळाची ढेप.

मी म्हणालो, "हे घेता येणार नाही. मी साक्षीदार आहे."

"आवं गुरुजी, लाच न्हवं, गूळ हाय. आमच्या गुऱ्हाळाचा."

लीला आतून म्हणाली, "अहो, आधी बसू तरी द्या त्यांना!" ढेप बाहेरच्या कट्ट्यावर ठेवायला लावली. मुंग्यांनी मात्र लगेच स्वीकारली.

नाथाजी म्हणाले, "सतरा वर्सं पलटणीत काढली. पहाऱ्यावर झोपला त्याला आमीबी सोडत न्हाई. पर पोरगी झोपली न्हवती."

"मग सगळ्या नोंदी एकदम कशा?"

"नोंदीचं टेबल पार दाराशी. जागा सोडली तर म्हातारा नळ्या उपसतोय — म्हंजी पेशंट हो, तुमाला न्हाई म्हनत." येथे ते ओशाळले. "म्हनून त्या पोरी हातावर लिवून घेत्यात आन् सकाळी कागदावर उतरवत्यात. समद्याच तशा करत्यात. शिकवलंय कुनी दुसरं?"

"हे तिने समितीपुढे का सांगितले नाही?"

"त्येच तर! लय इचारलं. म्हनती, आबा, म्हाताऱ्या मानसाचं कशाला चारचौघांत काढायचं? आन् गप."

काय काढायचे? कोणाचे? काही उमगले नाही. ते गेल्यावर उत्तर शोधत बसलो. मी तर काहीच लपवलेले नाही.

बुधवार, २८ फेब्रुवारी.

हातावर लिहून घेतात. तीन दिवस हेच डोक्यात.

शनिवार, २ मार्च.

११ जानेवारीचे पान पुन्हा वाचले. मग स्वयंपाकघरात जाऊन लीलेला एकच प्रश्न विचारला. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता तिने उत्तर दिले, आणि मग थांबली. "का हो? असे काय पाहता?"

उत्तर आज लिहवत नाही. ढेप आत आणली. लीलेने मुंग्या झटकल्या.

सोमवार, ४ मार्च. सांगली, समितीच्या खोलीबाहेरील बाक.

सकाळच्या एस.टी.ने आलो. आत जाऊन वाचून दाखवायची शुद्ध यादी —

१० जानेवारी, बुधवार : शस्त्रक्रिया. सोबतीला पुतण्या सुमंत. तो रात्री बाहेर व्हरांड्यात झोपे. पुरुषांच्या कक्षात घरच्या स्त्रियांना रात्री आठनंतर प्रवेश नाही. हा नियम दारावरच लिहिला होता. मी वाचलाही होता.

११ जानेवारी, गुरुवार : "रात्रभर कोणी फिरकले नाही" हे माझे विधान मागे.

१४ जानेवारी, रविवार : भोगी. माझी पत्नी लीलाबाई भाजी-भाकरी घेऊन सांगलीस आली. प्रथमच. तोवर ती साताऱ्यातच होती.

१२ फेब्रुवारी, सोमवार : "तक्रारदाराची स्मृती स्वच्छ" हे अहवालातील वाक्य मी निर्दोष ठरवले. ते खोडावे. त्या जागी "रुग्ण त्या रात्री भ्रमात होता" असे घालावे. रात्रपाळीविषयीच्या माझ्या तिन्ही मागण्या कायम ठेवाव्यात.

पुन्हा ११ जानेवारी : मी रात्रभर "लीला" अशी हाक मारत होतो. ओ देणारी रेश्मा होती.