विरेशचा सिबिल

९ फेब्रुवारी, रविवार

विरेश आणि त्याच्या घरचे मला बघून गेले. नळदुर्गला त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं, रिवायंडिंगचं दुकान आहे. मी लॅबमध्ये काम करते म्हटल्यावर म्हणाला, "तुमचं एखादं मशीन बिघडलं तर सांगा." बघायला येऊन मशीनची चौकशी करणारा हा पहिलाच. आवडला. आईलाही. पण बाबा गेल्यापासून आमच्या घरात शेवटचा शब्द शंभुलिंग मामांचा.

११ फेब्रुवारी

मामांनी त्याचा कर्जफेडीचा सिबिल रिपोर्ट मागवला! हल्ली असंच बघतात म्हणे. स्कोअर नऊशेपैकी ५४१.

"कर्ज बुडवणारा हाय. उमरग्यात काय पोरांचा दुष्काळ पडलाय?"

लॅबमध्ये आज दोन बाटल्यांवर चुकीची लेबलं लावता लावता राहिले.

१३ फेब्रुवारी

त्याचाच फोन. दुकानासाठी कर्ज घेतलं होतं, तीन वर्षांत फेडलं, बँकेचा दाखला आहे. मग हे कसं? "मलाबी न्हाय कळलं. पण शोधतो." सारवासारव करत बसला नाही. ते बरं वाटलं.

सोमवारची रजा टाकली. बँकेत मीही जाणार.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दोन तास बाकड्यावर. कुणी म्हणे साहेब जेवायला गेलेत, कुणी म्हणे सर्व्हर डाऊन. शेवटी भुवनेश्वरी नावाच्या मॅडमनी खातं उघडून बघितलं.

कर्ज फिटल्यावर पंधरा दिवसांनी खात्यावर विम्याचे एकशे अठरा रुपये थकबाकी म्हणून पडले होते. विमा त्याचा नव्हताच. दुसऱ्या कुणाचा त्याच्या खात्यावर टाकलेला. त्यामुळं खातं बंद झालं नाही, आणि सव्वीस महिने बँक सिबिलला कळवत राहिली – हप्ता थकला, हप्ता थकला. याला एक पत्र नाही, एक फोन नाही.

विरेश खिशात हात घालून म्हणाला, "भरून टाकतो की."

"भरू नका," मी म्हटलं. "भरलं की चूक तुमची होते. मॅडम, आम्हाला लेखी द्या."

मॅडम ओशाळल्या. चूक बँकेची, असं पत्र दिलं, शिक्क्यासकट. दुरुस्तीला महिनाभर लागेल म्हणाल्या.

बाहेर आल्यावर तो हसला. "लॅबवाली लई कडक हाय." हायवेवरच्या धाब्यावर पिठलं-भाकरी खाल्ली. दोन भाकरी! लाजले नाही.

२३ फेब्रुवारी

मामांना पत्र दाखवलं. चष्मा लावून दोनदा वाचलं. "आकडा सुधारू दे. मग बघू."

२ मार्च

५४१च. तरी रोज रात्री फोन. आकड्याचं बोलणं दोन मिनिटं, बाकीचं तासभर.

७ मार्च

मामांनी सोलापूरचं स्थळ आणलं. मुलाचा स्कोअर आधी सांगितला, नाव नंतर.

आई भांडी विसळत होती. हात पुसत बाहेर आली. आजवर मामांपुढं तिचा आवाज ऐकला नव्हता.

"दादा, त्या पोराला फुकट चोर ठरवलं, तरी त्यानं कुणाला शिवी दिली न्हाय. बँकेत माझ्या शुभांगीनं बघितलंय. मला तेवढं बास."

"उद्या पस्तावशील."

"पस्तावले तर तुमच्याकडं रडत येणार न्हाय."

मामा चहा न घेता गेले. मी आईला खुर्चीवर बसवलं. म्हणाली, "तुला तो पसंत हाय न्हवं? मग त्या आकड्यासाठी थांबायचं कशाला?"

१९ मार्च

काल नळदुर्गच्या मठात लग्न झालं. तीसेक माणसं. मामा आले नाहीत.

आज दुपारी विरेशला मेसेज आला – स्कोअर ७६८. म्हणाला, "मामांना पाठवू?"

"नको," मी म्हटलं. "संध्याकाळी पाया पडायला जाऊ. त्यांनी विचारलं तरच सांगायचं."