यान्सनबाईंची बोट

१० एप्रिल २०१६, फ्लेन्सबुर्ग
बाबांना नागपूरहून आणून पंधरवडा झाला. आई गेल्यापासून तिकडे बसायचे तसेच इथेही खिडकीशी बसतात. 'जेवलात?' 'हो.' 'थंडी वाजते?' 'नाही.' संपलं. मी लॅबला गेले की दिवसभर एकटे. आणून चूक तर केली नाही ना...

१६ एप्रिल
बंदरावर नेलं. जुन्या लाकडी बोटी दुरुस्त करतात तिथे. सत्तरीच्या एक बाई, फ्राउ यान्सन, फळ्यांमधल्या फटींत डांबरात भिजवलेला ताग ठोकत होत्या. नवऱ्याची बोट. तो वारल्यापासून जमिनीवरच पडून. बाबा बराच वेळ बघत उभे. बाईंनी दुसरा हातोडा पुढे केला. बाबांनी घेतला.

२८ एप्रिल
रोज जातात. बस स्वतः पकडतात. नखांत डांबर. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नाही.
'कशा आहेत तुमच्या बाई?'
'यान्सनबाई बऱ्या आहेत. चहा मात्र पाणचट देतात.'
अख्खी वाक्यं! दादाला लगेच फोन केला. तो म्हणाला, राहू दे तिथेच थोडे दिवस.

१२ मे
क्रेननं बोट पाण्यात सोडली. मी सुट्टी काढून गेले होते. थोड्याच वेळात आत पाणी. बाबांचा चेहरा उतरला. 'मी ठोकलेली बाजूच गळून राहिली.'
बाई शांत. लाकूड फार दिवस कोरडं होतं, म्हणाल्या, पिऊ दे त्याला. फुगलं की फटी मिटतील. आल्झो, म्हणजे तर मग, वाट बघायची. मी बाबांना मराठीत सांगितलं. पटलं नाही. बोट क्रेनच्या पट्ट्यांत, पंप चालू, बाबा धक्क्यावरून हलेनात. ओढून घरी आणलं. जेवले नाहीत. परत खिडकी. आणि मला वाटलं, झालं, आता पुन्हा पहिल्यासारखं.

१३ मे
उजाडताच निघून गेले. फोन घेईनात. लॅबमध्ये हात चालेना, दुपारी मीच गेले.
दोघं बोटीत बसून पाव खात होते. पंप बंद. बाबांनी तळाच्या फळीवर हात फिरवला, मग माझा हात धरून फिरवायला लावला. ओलसर, बस.
'धरलं बघ लाकडानं.'
आणि रडले. आईच्या वेळी रडले नव्हते. यान्सनबाई पाण्याकडे तोंड करून पाव खात राहिल्या.
घरी येऊन दोनदा भात घेतला. मी स्वयंपाकघरात जाऊन नुसती उभी राहिले. किती दिवसांनी मोकळा श्वास.

२१ मे
बुद्धपौर्णिमा. सकाळी वंदना, मग खीर. बाबा म्हणाले, बाईंसाठी डब्यात दे. घेऊन गेलो. बाबा मराठीत बोलत होते, त्या जर्मनमध्ये, आपापलं. बाबांच्या तोंडून 'सुमन' ऐकलं. आईचं नाव. मी भाषांतर करायला पुढे झाले नाही.

५ जून
पुढच्या आठवड्यात विमान. यान्सनबाईंनी मला बाजूला घेतलं. हिवाळ्यात बोट पुन्हा वर काढणार, वसंतात काम निघेल, बाबा येतील का, विचार.
विचारलं.
'तिकडं घर बंद आहे,' म्हणाले. मग, 'व्हिसा पुन्हा मिळते का?'
'मिळतो, बाबा.'
'हं.'
आणि शर्टाच्या घड्या घालू लागले.