आधी कोणता अलार्म वाजला

प्रिय छोट्या,

आधी जे घडलं ते लिहिते.

१. बुधवारी संध्याकाळी मी केटल लावली आणि घरातली वीज गेली.
२. त्याबरोबर नेट गेलं आणि तुझा कॉल तुटला.
३. मालक टॉर्च घेऊन वर आले.
४. माझं डावं मनगट मोडलं.
५. मालकांच्या डोक्यात टॉर्च बसला.
६. तू जिना उतरून निघून गेलास.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. आई फोनवर हेच सांगते, जिन्यातले शेजारी हेच सांगतात, आणि पोलीस चौकीत, जिथे माझा जबाब अजून व्हायचा आहे, तिथेही सगळ्यांची हीच अपेक्षा आहे. मालक इस्पितळात आहेत. जिवाचा धोका टळला. उजवा हात उचलता येत नाही, शब्द अडकतात आणि बुधवारची संध्याकाळ त्यांना अजिबात आठवत नाही. म्हणजे काय घडलं ते सांगू शकणारी माणसं दोनच, तू आणि मी. तुझा फोन बंद आहे आणि आपल्या घरातल्या नेटबद्दल तुला मी काय सांगणार, म्हणून कागद घेतला. मामा परवा इथे येऊन गेला. तू त्याच्याकडेच आहेस हे त्याने सांगितलं नाही, पण तुझा जाड स्वेटर मागून नेला. हे पत्रही तोच नेईल. पाकीट चिकटवलंय. आईला वाचायला देऊ नकोस.

घर जसंच्या तसं आहे. न्हाणीघरात तुझी पालथी बादली तशीच आहे, तिच्यावरची उशीही. परवा मी तिच्यावर बसून पाहिलं. बसल्यावर लगेच थंडी पायांतून वर चढते. तू सहा महिने तिथे बसून लोकांच्या तक्रारी ऐकल्यास, कारण अख्ख्या घरात नेट तेवढ्या खिडकीत यायचं. मालकांच्या राउटरपासून आपल्या खोलीपर्यंत दोन भिंती, एक लोखंडी दार आणि जिन्याचं वळण. मी टॉवरच्या कंट्रोल रूममध्ये दिवसभर गावाचं नेट चालू ठेवते आणि माझा भाऊ सिग्नल ओढायला विजेवरचा दुसरा छोटा राउटर चहाच्या गाळणीत ठेवून खिडकीच्या गजाला टांगतो, यावर आपण किती हसलो होतो! ‘आवाज घुमतोय’ अशी एका बाईने तक्रार केली तेव्हा तू तिला म्हणालास, “मॅडम, आमचं ऑफिस फार मोठं आहे.” मी बाहेर तोंडात ओढणी कोंबून बसले होते.

विजेचं गणितही तिथेच अडायचं. दर वाढत गेले तसे आपले नियम वाढत गेले. हीटर चालू असेल तर केटल नाही. केटल चालू असेल तर इस्त्री नाही. दोघं घरात असू तर दिवा एकाच खोलीत. तुझ्या कॉलच्या वेळी काहीच लावायचं नाही, आणि कॉल चालू आहे हे कळावं म्हणून न्हाणीघराच्या कडीला निळा टॉवेल. हा टॉवेल तुझी कल्पना. मी हसले होते, पण पद्धत चांगली होती. ओरडायला नको, विचारायला नको. तेव्हा तू मला ‘मीटरताई’ म्हणायचास, कारण मी प्रत्येक वस्तू किती वीज खाते ते सांगत फिरायचे.

आणि मालक. मेन स्विचची पेटी जिन्याखाली, तिला कुलूप, किल्ली त्यांच्या कमरेला. फ्यूजकाका हे नावही तूच ठेवलंस. वीज गेली की आपण वरून हाक मारायची आणि ते खालून, “पुन्हा? वीज काय झाडाला लागते? इंजिनिअर बाई, तुमच्या शिक्षणाचा उपयोग काय?” मग मुद्दाम सावकाश चपला घालायच्या, सावकाश किल्ली शोधायची. तू दातओठ खायचास. एकदा म्हणालास, “या म्हाताऱ्याला एक दिवस त्या पेटीतच कोंबतो.” मी तेव्हाही हसले. पेटी मी कधी आतून पाहिली नव्हती. आता पाहिली. आतली तार जुनी आहे, बारीक आहे, आणि वरचं आवरण भाजून तपकिरी झालंय. जास्त भार पडला असता तर जिना पेटला असता. त्यांनी ती बदलायला हवी होती; कंजूषपणा केला. पण आपल्याला छळायला म्हणून ते स्विच एवढ्याशा भाराला पडेल असा ठेवत होते, हे मात्र आपण ठरवलेलं होतं.

मोडलेल्या वस्तू मी अजून दुरुस्त केलेल्या नाहीत. स्टुलाचा पाय, तो तुझा पगार कापला तेव्हाचा. दाराची काच, त्यात तुझी मूठ गेली होती आणि मी चिमट्याने तुझ्या बोटांतले तुकडे काढले होते. तू म्हणालास, “काचेला मारलं ना, कुणाला नाही.” मला ते पटलं. मग ताटली, जी माझ्या कानाजवळून गेली आणि भिंतीवर फुटली. मग माझा दंड. त्यावर बोटांचे चार ठसे उठले होते आणि मी कामावर आठवडाभर पूर्ण बाह्यांचे कपडे घातले. दर वेळी कारण होतं. नेट गेलं होतं, थंडी होती, साहेब बोलला होता. कारणं खरीच होती. मी ती तुझ्याआधी पुढे करायचे.

तू पाच वर्षांचा असताना अंधाराला इतका घाबरायचास की वीज गेली की आधी हातपाय झाडायचास आणि मग रडायचास. मी काड्यापेटीत एक सेल, एक छोटा दिवा आणि तारेचा तुकडा बसवून तुला टॉर्च करून दिला होता. ती मी केलेली पहिली चालती वस्तू. तू तो उशीखाली घेऊन झोपायचास, आणि सेल संपला की मला उठवायचास, “ताई, उजेड मेला.” या आठवड्यात मला हे बऱ्याचदा आठवलं. का, ते तुला कळेल.

आता बुधवार. मी भिजून घरी आले. तुझ्या साहेबाने शेवटची ताकीद दिली आहे, पुन्हा कॉल तुटला तर नोकरी जाईल, हे मला माहीत होतं. तू दार लावून आत होतास, पायाशी हीटर घेऊन. न्हाणीघरात हीटर नको असं मी सांगितलं होतं, पण त्या थंडीत मीही लावला असता. कडीला टॉवेल होता. मी तो काढला, केस पुसले, खांद्यावर टाकला आणि केटल लावली. टॉवेल म्हणजे काय, हे मला त्या क्षणी सुचलंच नाही. मला फक्त कोरडं कापड दिसलं. अंधार झाला. आत तुझा आवाज आला, “हॅलो? हॅलो, सर?” आणि मग काहीच नाही. टॉवेलची चूक माझी. तुझी नोकरी त्या चुकीने गेली. हे मी कुणाहीपासून लपवणार नाही.

काल मालकांची मुलगी आली होती. वडिलांचा चष्मा आणि औषधं न्यायला. ती खालचं घर उघडत होती तेव्हा मी जिन्यात उभी होते. तिला मेन स्विचच्या पेटीत किल्ली तशीच लटकलेली दिसली. पेटी उघडी होती, स्विच खालीच होता. वीज आलेलीच नव्हती. पेटी कुलपातच असणार असं धरून मी इतके दिवस मेणबत्ती लावत होते. तिने स्विच वर केला आणि वर आपल्या घरात दिवा लागला. मग माझ्या प्लास्टरकडे पाहून ती म्हणाली, “बाबा फाटक्या तोंडाचे आहेत, पण हात उचलतील असं वाटलं नव्हतं. त्यांच्या वतीने मी तुमची माफी मागते.” आणि ती खरंच हात जोडून उभी राहिली. छोट्या, मी ती माफी घेतली. ती गेल्यावर मी जिन्यातच बसून राहिले.

टॉवर बंद पडतो तेव्हा आमच्या पडद्यावर एकदम पंधरा-वीस अलार्म येतात. बॅटरी उतरली, पंखा थांबला, दार उघडलं, सिग्नल गेला. सगळे खरे असतात. नवीन माणूस सगळ्यात मोठ्या अलार्मच्या मागे धावतो. आम्ही आधी ते वेळेप्रमाणे लावतो. जो सगळ्यात आधी वाजला तो बिघाड. बाकीचे त्याचे परिणाम. वर मी लिहिलेली वाक्यं खरी आहेत, क्रम खोटा आहे. चौथं तिसऱ्याच्या आधी येतं. मालक स्विच वर करायलाच निघाले होते, किल्ली लावली होती, तेवढ्यात मी किंचाळले. म्हणून स्विच खाली राहिला आणि ते वर आले.

तू न्हाणीघरातून बाहेर आलास आणि माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढलास. “हा काय नाक पुसायला लावला होता?” मी सॉरी म्हणाले. मी दोनदा म्हणाले. तू माझं मनगट धरलंस आणि ओट्याच्या कडेवर आपटलंस, आणि मग पुन्हा आपटलंस. हाडाचा आवाज लहान आणि कोरडा होता. केटल त्याहून जोरात पडली. मग टॉर्चचा उजेड दारातून आत आला. म्हातारा धापा टाकत होता, एकच चप्पल पायात होती. “सोड तिला. अरे, सोड म्हणतो ना, बहीण आहे ती तुझी!” त्यांनी तुझी कॉलर धरली. मारायला नाही, मागे ओढायला. तू त्यांच्या हातातून टॉर्च हिसकावलास. पहिला घाव कपाळावर, दुसरा कानामागे, तिसरा ते खाली कोसळल्यावर. तोवर टॉर्च चालूच होता, उजेड भिंतीवर, छतावर, माझ्या तोंडावर फिरत होता. तिसऱ्या घावाला तो विझला. मग तू जिना उतरताना सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलास, “माझ्या बहिणीवर हात टाकतोस काय!” तेच वाक्य अख्ख्या इमारतीने ऐकलं. अंधारात मी त्यांच्या डोक्याला तोच निळा टॉवेल दाबून बसले होते, एका हाताने.

आई म्हणते, एवढं तरी म्हण, तुझ्यासाठीच केलं त्याने. त्याचं उत्तर मी तुला देते. शुक्रवारी सकाळी माझा जबाब आहे. मी तो वेळेच्या क्रमाने देणार आहे, टॉवेलपासून तिसऱ्या घावापर्यंत, आणि त्याआधी मालकांच्या मुलीला भेटून तिची माफी तिला परत करणार आहे. तुला घाबरवायला हे लिहीत नाही. तुझं नाव माझ्या तोंडून चौकीत पहिल्यांदा यावं असं मला वाटत नाही, म्हणून लिहितेय. तू आधी जा. स्वतःच्या पायांनी जा, स्वतःच्या तोंडाने सांग. मी बाहेरच्या बाकावर बसेन, तू बाहेर येईपर्यंत किंवा तुला आत ठेवतील तोपर्यंत. तू आलास तरी मी तेच सांगेन, नाही आलास तरी तेच. फक्त मला एकटीने जायचंय की तुझ्यासोबत, ते कळायला हवं. गुरुवारी संध्याकाळपर्यंत मामाकडून निरोप पाठव.

तुझीच,
मीटरताई