खटका

खालापूर,
शुक्रवार दुपार

प्रिय सुनिता,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र ठमीमावशीच्या, तुझ्या आईच्याच, टोपलीत घालून पाठवतेय. काकड्या विकून झाल्या की ती आपली तीनच्या गाडीने वाडीवर परत येईल. पाण्याचा विषय काढायचा नाही, अशी तिनेच मला शपथ घातली आहे. मी शपथ घेतली नाही, नुसतं 'हं' म्हटलं, तेव्हा माझ्यावर काही बंधन नाही. पत्र चुलीत घालायचं असेल तर सगळं वाचून मग घाल. अर्धवट जाळलंस तर मी वाडीवर येऊन मोठ्याने म्हणून दाखवीन, आणि माझा आवाज कसा आहे ते तुझ्या अख्ख्या वाडीला ठाऊक आहे.

मावशी सांगत होती, तू चांगोबाबांचा मासे मारायचा भाला माळ्यावर फेकलास आणि पाण्याखालचा चष्मा पोरांना खेळायला दिलास. "आता पान्यात पाय नाय घालायची बोलते," म्हणाली, आणि खरं सांगू, तिला बरंही वाटत होतं आणि वाईटही. रविवारी पथकाची बैठक आहे, हे तुला कळलंच असेल. बुडालेल्यांना शोधणाऱ्यांच्या यादीतून तुझं नाव काढायचं हे पथकप्रमुख वाल्मिकने आधीच ठरवलंय. बैठक नुसती चहापुरती. तू जायचं नाही म्हणतेस. ठीक. मी जाणार आहे. मला कुणी बोलावलेलं नाही, म्हणून तर जाणारच.

इकडची बातमी ऐक. महिना झाला, आमच्या हार्डवेअरच्या दुकानाच्या गच्चीवर लोणच्याच्या पाच बरण्या उन्हात आहेत, आणि त्यात लोणचं नाही, चाकू आहेत. शेजारची विमलबाई रोज कठड्यावरून डोकावते आणि विचारते, "मुरलं का गं?" घरात मीठ काय कमी आहे, पण अब्बा म्हणाले, मिठाचं पाणी ते समुद्राचं पाणी नव्हे. मग अब्बांच्या बहिणीला, हवाबी फुफीला, फोन करून दिघीहून दोन कॅन भरून पाणी मागवलं. टेंपोवाल्याने विचारलं, पवित्र वगैरे आहे का. मी म्हटलं, हो, फार.

तुला माहीत आहे, दुकान टाकण्याआधी अब्बा रसायनीत एका कारखान्यात फिटर होते. ॲसिडच्या पाइपांमध्ये त्यांची बावीस वर्षं गेली. ते बरणीसमोर उकिडवे बसतात आणि धातूंची घराणी सांगतात. पहिल्या बरणीतला चाकू दिसायला नवरदेव, पात्यावर 'स्टेनलेस' असा ठसठशीत शिक्का; चौथ्या दिवशी त्याच्या अंगावर चहा उडाल्यासारखे डाग. दुसरा मी मुद्दाम तीनशे सोळा नंबरच्या स्टीलचा घडवून घेतला, अब्बांच्या लाडक्या पाइपांच्या धातूचा. त्याला काही म्हणता काही झालं नाही. पण नायलॉनच्या जाळ्यावर चालवला तर जाळ्याचा एक फास तुटला नाही. अब्बा म्हणाले, "जो गंजत नाय त्याला धार नाय, नि ज्याला धार हाय तो गंजतो." मी म्हटलं, असं कसं, मग माणसाने काय करायचं? ते म्हणाले, "पुसत राहायचं." मला ते पटलं नाही. तुला माहीतच आहे, मला सहसा पटत नाही.

टायटॅनियमचा एक मागवला. हातात घेतला तर पिसासारखा, आणि समुद्राचं पाणी त्याला ओळखही देत नाही. पण चाळीस फास कापले आणि त्याची धार बसली. जाळ्यात अडकलेल्या माणसाला एकेचाळिसावा फास कापायचा असेल तर? चौथा पहिल्याचाच भाऊ निघाला. शेवटी पाचव्या बरणीतला ठरवला. त्याच्या पोलादात कार्बन जवळजवळ नसतो, त्याच्या जागी नायट्रोजन घालतात. डाग नाही आणि धारही टिकते. अब्बांनी तो तीनदा पुसून पाहिला, वास घेतला आणि चहा प्यायला गेले. त्यांनी हार मानली की ते चहा पितात. एका बाजूला दाते आहेत, दोरीसाठी. दुसरी बाजू साधी, मासा साफ करायला. टोकावर मात्र मी तीन दिवस अडून बसले. तुला भाल्यावरचा मासा चटकन शांत करायला टोक हवं, आणि पाण्याखाली माणूस शोधताना टोक नको, त्याला लागेल. मग टोकदारच घेतला. माणसाला लागू न देता हात कसा चालवायचा ते तुला येतं, ते काही पोलादाला शिकवायला नको.

तुझा हात मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा आपण सहावीत होतो. चांगोबाबांनी जुन्या छत्रीची काडी घासून भाला केला होता, त्याला सायकलच्या ट्यूबचं रबर, आणि चष्म्याच्या काचा डांबराने बसवलेल्या. मी काठावर कपडे सांभाळत बसले होते, कारण मला पोहता येत नव्हतं, अजूनही येत नाही. तू खाली गेलीस आणि वर येईचना. मी कलमा म्हणायला लागले. तेवढ्यात काडीवर वाम मासा फडफडवत तू वर आलीस आणि मला हसलीस. त्या दिवशी शाळेत मी तुझं नाव 'पाणबुडी' ठेवलं. पुढे पथकात गेलीस तेव्हा वाल्मिक ओळखपत्र हातात घेऊन घोटाळला होता, आठवतं? छापील शब्द होता 'पाणबुडा'. "पानबुडी लिवलं तर लोखंडी बोट होईल गं," म्हणून सगळे हसले, आणि तुझ्या ओळखपत्रावर ती जागा मोकळीच राहिली. तीन वर्षांत तू नऊ माणसं वर काढलीस, नऊ घरांना मातीला देण्यापुरतं का होईना त्यांचं माणूस मिळालं, आणि तुला अजून शब्द नाही. मला याचा तेव्हाही राग आला होता. आता तर डोकं फिरतं.

राग मला रोजच येतो, ते सोड. दुकानात गिऱ्हाईक येतं, मी समोर उभी असते, आणि ते माझ्या खांद्यावरून आत बघत विचारतं, "कोणी माणूस नाय का दुकानात?" मी विचारते, मी काय खांब हाय? मग ते पाव इंची स्क्रू मागतात, आणि मी त्यांना बरोबर स्क्रू देते, कारण ते मागतात तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. असा माझा तोरा. गेल्या दिवाळीत तुला तो पहिला चाकू मीच निवडून दिला, त्याच तोऱ्यात. हातात दिला. मावशी ओरडली होती, धारेची वस्तू हातात देऊ नये, खाली ठेवावी, घेणाऱ्याने उचलावी, नाहीतर दोघांत वितुष्ट येतं. मी हसले होते.

मग मे महिन्यात आपण फुफीकडे गेलो. तुझा पहिला समुद्र. तू जिभेवर पाणी घेतलंस आणि म्हणालीस, "एवढं मीठ कोनी घातलं?" चार दिवस तू खडकांत भाला घेऊन उतरत होतीस आणि दिघीचे मासेमार ही पोरगी कोण म्हणून काठावर जमत होते. फुफीने तुझ्या कमरेचा चाकू पाहून सांगितलं होतं, "गोड्या पान्यानं धू गो, म्यान पन धू." आणि मी म्हणाले होते, स्टेनलेस आहे, फुफी, त्याला काय होतंय. तू धुवायला निघाली होतीस. मी तुला जेवायला बसवलं. हे तुला आठवतं का, मला माहीत नाही. मला महिनाभर दुसरं काही आठवत नाही.

पुढे पावसाळा. नदीला पूर, पाण्यात उतरायचं कामच नव्हतं, चाकू तसाच म्यानात. आणि सप्टेंबरात पाताळगंगेच्या त्या डोहात तू श्वास धरून उतरलीस, खाली पडलेल्या झाडाला कुणाचं तरी जुनं जाळं गुंडाळलेलं होतं, ते तुझ्या पायात आलं. चाकू सुटावा म्हणून तू म्यानाचा खटका दाबलास. दाबलास ना? मी तुला एकदाही विचारलं नाही, कारण मला विचारायची गरज नव्हती. वाल्मिकने तुझ्या कमरेची दोरी ओढली, स्वतः उडी मारली, त्याच्या कोयत्याने जाळं कापलं. त्याने तुझा जीव वाचवला, हे मी रविवारी सगळ्यांसमोर आधी म्हणणार आहे, कारण ते खरं आहे. पण मग त्याने काठावर तुझं म्यान दगडावर आपटलं, चाकू सुटून बाहेर पडला, आणि त्याने तो सगळ्यांना फिरवून दाखवला. "पातं कोरं हाय. चाकू सुटतो. बाई घाबरली, दुसरं काय." तू घोंगडीत गुंडाळलेली, ओठ निळे. मला वाटतं तेव्हापासून तुलाही तेच खरं वाटायला लागलंय.

तर आता ऐक, हे पत्र ज्यासाठी लिहितेय ते. वाल्मिक तो चाकू दुकानात आणून टाकून गेला, "तुमचा माल," म्हणाला. पातं कोरंच होतं. मी पात्याकडे बघत बसले नाही. म्यान उघडलं. आत खटक्याखाली जी स्प्रिंग असते, ती गंजून लाल चिखल झाली होती आणि त्या चिखलाने खटका आतून धरून ठेवला होता. दगडावर आपटल्यावर तो तुटला, सुटला नाही. तू बोटं सोलेपर्यंत दाबला असतास तरी तो दबला नसता. तू घाबरली नव्हतीस, सुनिता. घाबरलेला माणूस खटक्यावर अंगठ्याची तेवढी खूण पाडत नाही. ती खूण प्लास्टिकवर आहे, मी नखाने चाचपून पाहिली. आणि ती स्प्रिंग चाकूबरोबर आलेली नव्हती. एप्रिलमध्ये खटका मोडला म्हणून तू म्यान माझ्याकडे दिलं होतंस ना? कारखान्याची स्प्रिंग मिळायला आठवडा लागला असता. मी आपल्या डब्यातली टॉर्चची बसवली, साधी लोखंडी, आणि तुला म्हटलं, बघ, नव्यापेक्षा भारी. अब्बांनी म्यान हातात घेतलं आणि एवढंच म्हणाले, "ही आपल्या डब्यातली." अझहर म्हणतो, चूप बस, दुकानाचं नाव जाईल. मी त्याला म्हटलं, दुकानाचं नाव राहावं म्हणून तिचं घालवू? भाऊ असला तरी गाढव आहे. गंजलेलं म्यान आणि ती स्प्रिंग मी काल दुकानाच्या दारात टांगली, खाली पाटी लावली: 'हे अनिसाने दुरुस्त केलं होतं. विचारून घ्या.' सकाळपासून चौघांनी विचारलं. चौघांनाही मी सगळं सांगितलं, तुझ्या नावासकट. रविवारी तेच काढून बैठकीच्या टेबलावर ठेवणार आहे, आणि तुझं ओळखपत्र मागून त्या मोकळ्या जागी माझ्या हाताने 'पाणबुडी' लिहिणार आहे. लोखंडी बोट तर लोखंडी बोट. वीस वर्षांत आपला एकही खटका उडाला नाही, आणि जो उडायला हवा होता तो माझ्यामुळे अडकला. त्याबद्दल तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस, शिव्या दे, माझं काही म्हणणं नाही. पण 'मी घाबरले' असं स्वतःला म्हणायचं नाही. ते मी तुला म्हणू देणार नाही. बैठक संपली की मी डोहावर येईन. नव्या चाकूच्या म्यानाला खटकाच नाही, सायकलच्या ट्यूबचं रबर आहे, चांगोबाबांच्या भाल्यासारखं. दोन्ही हातांनी, डोळे मिटून, न्हाणीतल्या टबात मी तो शंभर वेळा ओढून पाहिलाय. या वेळी तुझ्या हातात देणार नाही. काठावरच्या सपाट दगडावर ठेवीन आणि मागे सरेन. उचलायचा की नाही ते तू ठरव. मी कपडे सांभाळायला बसलेली असेन.

तुझीच,
अनिसा