तीन खंड आणि अर्धं संत्रं

३ फेब्रुवारी, सोमवार
चष्म्याच्या काचा करणाऱ्या आमच्या कारखान्यात नवीन पॉलिश मशीन आलं. सोबत ते चालवणारा माणूसही, थेट परदेशातून. सहा आठवडे पाहणार, रमला तर राहणार, नाही तर परत. मशीनची खोड फक्त त्यालाच कळते. सुपरवायझर बाईंनी मला मुद्दाम बोलावून सांगितलं, जेवायला तो तुमच्याच टेबलावर बसतो, तुम्ही शिकलेसवरलेले आहात, जरा बोलतं करा त्याला. माणूस टिकला पाहिजे.
जबाबदारी मोठी आहे. पण ज्याच्या देशाची आपल्याला काडीचीही माहिती नाही, त्याच्याशी गप्पा मारणं मला अप्रामाणिक वाटतं. लायब्ररीतून त्याच्या देशाच्या इतिहासाचे तीन खंड आणले. एकूण पानं १,३८०. रोज ४६ म्हणजे तीस दिवस. मग बोलायचं.

४ फेब्रुवारी
वाचन: ११ पानं. प्रस्तावना दाट आहे.

६ फेब्रुवारी
वाचन: ०. अधाशासारखं वाचणं म्हणजे वाचणं नव्हे.
ही म्हणाली, अहो, त्याला एवढंच विचारा ना, घरी कोण कोण असतं म्हणून. मी समजावलं की कुटुंबव्यवस्था दुसऱ्या खंडात आहे. ती कणीक मळत राहिली. मळण्याचा जोर जरा जास्त वाटला.

११ फेब्रुवारी
आज तो आपणहून बोलला. आपली भाषा तोडकीमोडकी येते त्याला. म्हणाला, आज ऊन छान आहे. मी नुसती मान हलवली. हवामानाचं प्रकरण आधी चाळायला हवं होतं. त्यांच्याकडे उन्हाला काय अर्थ असेल, कोण जाणे.
आता पुस्तक डब्याशेजारी ठेवूनच वाचतो. ब्राऊन पेपरचं कव्हर घातलंय. आपल्याच देशाचा असा अभ्यास चाललेला पाहून त्याला अवघडायला नको.

१९ फेब्रुवारी
पॅकिंगमधल्या मावशी त्याला सरळ ए बाबा म्हणून हाक मारतात. आज त्याची टोपी त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घातली आणि तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मावशी मला ऐकवत होत्या, त्याला दोन मुली आहेत, धाकटीला पोहायची भीती वाटते. एकही पान न वाचता! या उथळपणाचं पुढे काय होणार?
मी बोलणं टाळतोय का? मनाशी नीट तपासून पाहिलं. नाही.

३ मार्च
पान ६१, खंड पहिला. उरली १,३१९ पानं, दिवस चौदा. रोज ९५. अवघड नाही, फक्त ठरवायला हवं. ही म्हणाली, पाहुणा निघायच्या बेताला आला तरी तुमचं आपलं पहिल्याच खंडात. दुर्लक्ष केलं.
कारण आज एक फार उपयोगी गोष्ट सापडली. त्यांच्याकडे कोणी काही खायला दिलं तर दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. आधी घेतलं तर हावरटपणा. पानाच्या शेवटच्या ओळीला पेन्सिलीने खूण केली. केवढा अनर्थ टळला!

६ मार्च, दुपार
मनासारखा प्रसंग चालून आला. त्याने संत्रं सोललं, बरोबर निम्मं केलं, अर्धं माझ्यापुढे धरलं. मी म्हणालो, नको. थोड्या वेळाने त्याने पुन्हा हात पुढे केला, म्हणाला, घ्या, गोड आहे. मी हसून पुन्हा, नको. आता तिसरी वेळ. हात पुसून तयार ठेवला.
त्याने माझ्याकडे पाहिलं. पुस्तकाकडे पाहिलं. मग दोन्ही अर्धुकं स्वतःच खाल्ली, एकेक फोड, सावकाश.
बहुधा घाईत असावा.

१४ मार्च
तो जातोय.
बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. त्याने त्यांना सांगितलं म्हणे, काम चांगलं आहे, मावशी तर फारच चांगल्या, पण जेवणाची सुट्टी सरता सरत नाही. समोरचे साहेब अभ्यासू आहेत, त्यांना मी नकोसा आहे. संत्रंसुद्धा घेतलं नाही त्यांनी. दोनदा दिलं.
बाई म्हणाल्या, बोलतं करा म्हटलं होतं मी, घालवून द्या नव्हे. मी त्यांना दोनदा नको म्हणण्याची प्रथा सविस्तर सांगितली, पृष्ठ क्रमांकासकट. बुडबुडा राहिलेली काच उजेडात धरून पाहावी, तसं त्या माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, जा, काम करा.
त्याच्याशी दोन शब्द बोलायला हवेत. पण आता कुठल्या पायावर?

१७ मार्च
मशीनवर प्लास्टिक घातलंय. नव्या ऑर्डरी जुन्याच मशीनवर घेतल्या आणि दोन ट्रे ओरखडे पडून परत आले. मावशी माझ्याशी बोलत नाहीत. समोरची खुर्ची रिकामी.
डब्यात हिने आज न सांगताच एक संत्रं ठेवलं होतं. सोललं. अर्धं कोणापुढे धरायचं ते कळेना, म्हणून पुस्तक उघडलं. मधे वाचन जमलंच नव्हतं, ते ६१ वरच होतं. पान उलटलं. पान ६२, अगदी खाली, बारीक टायपात: ही प्रथा तीनशे वर्षांपूर्वीच नाहीशी झाली.
यापुढे तळटीपा आधी वाचायच्या.