नळीवरचं कुंकू

३ ऑक्टो. २०१४, शुक्र. दसरा.

आलं ते असं: झेंडू, मवालेहच्या बाजारातून, ६०० बैसा (कोमेजलेला, तरी घेतला). नारळ दोन, ५००. चक्क्यासाठी दही, ७००. आंब्याचा टाळा शेजारच्या शबानाभाभींच्या मालकांनी बाजारातूनच आणून दिला, फुकट. ह्यांची हत्यारं वर्कशॉपातून: मायक्रोमीटर, व्हर्नियर, हातोडी, लेथची टूलं. दर दसऱ्याला पूजेला घरी येतात.

आणि गोणपाटात गुंडाळलेली एक लांब वस्तू. किंमत: ?

विचारलं. “बंदुकीची नळी. अर्बाबांच्या शिकारी रायफलची. जुनी झिजली, ही नवी बसवायची.”
अर्बाब, म्हणजे वर्कशॉपचे अरब शेठ, तर गुडघ्याच्या ऑपरेशनला मुंबईत. मग मागवली कोणी?
“हमदने.”
हमद म्हणजे पुतण्या. अर्बाब गेल्यापासून वर्कशॉप तोच बघतो. आमचे पासपोर्टही त्याच्याच कपाटात.
“मग घरी कशाला?”
“वर्कशॉपात ठेवू नको म्हणाला. उद्या नेतो गं.”

शस्त्र ते शस्त्र. पाटावर मांडली. नळीच्या पोटाला बारीक अक्षरं ठोकलेली, तिथे तेलात कालवून कुंकू लावलं. अक्षता वाहायला गेले तर हे केवढ्यांदा ओरडले, “तांदूळ नको! आत दाणा राहिला तर फुटेल तोंडावर!” सणाच्या दिवशी असं बोलतात का? झेंडूचं फूल ठेवलं नुसतं.

४ ऑक्टो., शनि.

सुट्टी असून हे वर्कशॉपला. उद्या ईद, हमदला डोंगरात जायचंय म्हणे.

आले ते खुशीत. आज खूप बोलले. जुनी नळी हलता हलेना, शिकंज्यात धरून, तेल पाजून, मग लांब दांड्याने एकच हिसका. नवी बसवताना आट्यांत केसभर फरक राहिला तरी काडतूस नीट बसत नाही, बंदूक जीव घेते. म्हणून दोन मापं असतात. एका मापावर मागचा बोल्ट बंद व्हायला हवा, दुसऱ्यावर होता कामा नये. “पहिल्याच फेरीत बरोबर आलं!” वीस वर्षं पंपाचे शाफ्ट कातणारा माणूस, त्याला असलं नाजूक काम कधी मिळायचं. मी म्हटलं, कुंकू पुसलंत का? “छे. ते लाकडाच्या आत जातं, कोणाला दिसतंय? पूजेचं कशाला पुसू?”

बरं वाटलं. पण जुनी नळी आली आमच्याकडे. त्याच गोणपाटात. पलंगाखाली.

१२ ऑक्टो., रवि.

नळी अजून पलंगाखाली. केर काढताना झाडू अडतो. “हमद नेईल.” कधी? “नेईल गं.” झिजलेलं लोखंड भंगारात जातं. जपून कोण ठेवतं? आणि तेही दुसऱ्याच्या घरी?

२३ ऑक्टो., गुरु. लक्ष्मीपूजन.

लाह्या, बत्तासे. केरसुणी पुजली. पलंगाखालच्या नळीचं लक्ष्मीसमोर कसं बोलायचं?

२० नोव्हें., गुरु.

माझा उपास. जप चालू असतानाच दारात हमद. हातात पिशवी. “भाभी, यह तुम्हारे वास्ते. ताजा गोश्त. मिस्त्री बहुत अच्छा आदमी, सवाल नहीं करता.”

शेवटचं वाक्य मनात राहिलं.

मी खात नाही, आणि गुरुवारी घरात शिजवतही नाही. तशीच पिशवी शबानाभाभींकडे. त्या श्रीवर्धनच्या, मटणातलं त्यांना कळतं. उघडली, हाड हातात धरून बघितलं, आणि परत बांधली.
“ह्ये बकऱ्याचा नाय गो. हाड बघ, कवढा बारीक. हरणाचा असल.”
“हरण मारायला इथे बंदी ना?”
“तर! तुरुंगात टाकतात. आन् कोणी कापलाय, कसा कापलाय, काय म्हाईत? आमाला नाय चालत.”
पिशवी दोघी मिळून खाली टाकून आलो. दोन किलो तरी असेल. अन्न टाकल्याचं पाप कोणाच्या माथी?

२१ नोव्हें., शुक्र.

हमदचा सकाळीच फोन. हे चहा अर्धा टाकून गेले. जाताना पलंगाखालचं गोणपाट काखेत. म्हटलं सुटले.

दुपारी परत आले. काखेत गोणपाट.
“हे पुन्हा कशाला?”
“हमद भेटलाच नाही. तीच ती जुनी. हात लावू नकोस.”
जेवताना मान खाली. लोणचं मागितलं नाही. ह्यांना लोणच्याशिवाय घास जात नाही.

२२ नोव्हें., शनि.

हे बाजारात गेल्यावर गोणपाट सोडलं. देवा क्षमा कर, नवऱ्याच्या पाठीमागे. जळका वास, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी अंगणाला येतो तसा. नळी उलटी केली.

पोटाला अक्षरं. अक्षरांत माझं कुंकू.

ही जुनी नव्हे. ही दसऱ्याची.

माझ्याशी खोटं बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. की मला सापडलेलं पहिल्यांदा?

२५ नोव्हें., मंगळ.

शबानाभाभींचे मालक बाजारात ट्रकवाल्यांकडून ऐकून आले. डोंगराकडे हरणं मेलेली सापडली. हरणांचे सरकारी रखवालदार गावोगावी रायफली गोळा करतायत, प्रत्येकीतून एक गोळी झाडून बघतात. नळीतून जाताना गोळीवर चरे उठतात, ते हरणातल्या गोळीशी जुळवतात म्हणे. भाभी सहज सांगत होत्या, लसूण सोलता सोलता. माझ्या हातातली पाकळी किती वेळ हातातच.

मग सगळं समजलं. शिकारीला जायचं नव्या नळीने. तपासायला द्यायची जुनी नळी. बंदूक तीच, लायसन तेच, चरे वेगळे. आणि ज्या नळीचे चरे जुळतील ती माझ्या पलंगाखाली.

ह्यांनाही समजलेलं असणार. मापाचा माणूस. न समजायला काय झालं?

२६ नोव्हें., बुध.

विचारलं. जेवण झाल्यावर, सरळ.
“ती दसऱ्याची नळी आहे. कुंकू आहे तिच्यावर.”
ह्यांनी ताट बाजूला सारलं. मग, “पहिल्यांदा खरंच ठाऊक नव्हतं मला. गेल्या शुक्रवारी म्हणाला, जुनी परत लाव, ही घरी ठेव. तेव्हा कळलं.”
“मग नाही म्हणायचं!”
“पासपोर्ट कोणाकडे आहे? व्हिसा कोण नवा करणार? तू?”
“अर्बाबांना सांगा.”
“ते ऑपरेशन झालेले, पडून आहेत. आणि सांगणार काय, तुमचा सख्खा पुतण्या चोर? शिवाय...”
शिवाय काय, ते मी ओळखलं. अर्बाबांनीच सांगितलं असलं तर?

त्या माणसाच्या ईदचं ताट दर वर्षी आमच्याकडे येतं. माझ्यासाठी नुसते खजूर आणि फळं, वेगळ्या ताटात, न सांगता. तो असं करील? नाही करणार. पण हेही खोटं बोलतील असं मला कुठे वाटलं होतं.

३० नोव्हें., रवि.

गुरुचरित्राचं पारायण सुरू. शनिवारी दत्तजयंतीला समाप्ती. पोथीपुढे बसले की पाठ पलंगाकडे होते. एकेक ओवी दोनदा वाचावी लागते.

२ डिसें., मंगळ.

हमदचा निरोप. या शुक्रवारी नवी नळी परत चढवायची. डोंगरातली तपासणी झाली, खलास. सुट्टीचे दोन दिवस पुन्हा शिकार.

हे आत आले, गोणपाट ओढलं, केरोसीनचा बोळा माझ्या हातात दिला.
“ते कुंकू पुसून टाक.”
“का?”
“उद्या नळी सापडली तर कुंकू बघून विचारतील, हे कोणाच्या घरातलं? सगळ्या वर्कशॉपात कुंकवाचं घर एकच आहे.”

खरं आहे. मलाही सुचलं नव्हतं.

पण स्वतःच्या तोंडाने म्हणाले, कुंकू पूस. ज्यांच्या नावाचं लावते त्यांनीच. बोलून गेल्यावर त्यांच्याही लक्षात आलं असावं. बोळा माझ्या हातातून काढून घेतला आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

मी पुसलं नाही. ह्यांनीही नाही. पुसलं तर आम्ही लपवलं असं होतं. ठेवलं तर ते आमच्याच गळ्याशी. पण ते दसऱ्याला लावलंय, उजेडात, पाटावर, चोरून नव्हे. कोणी विचारलंच तर एवढं तरी सांगता येईल.

३ डिसें., बुध.

सदाला, माझ्या धाकट्या भावाला, मुंबईला पत्र लिहिलं. भाभींचे मालक पोस्टात टाकतील, तिकिटाचे मी दिले. काय लिहिलं ते आठवणीसाठी इथे उतरून ठेवते.

“चि. सदास ताईचे आशीर्वाद. तुझ्या घरापासून जवळच आमचे अर्बाब दवाखान्यात आहेत, पत्ता मागे लिहिलाय. फळं घेऊन जा, पैसे मी पाठवीन. मिस्त्रीचा मेहुणा म्हण. हिंदी त्यांना चांगली येते. एवढंच विचार, रायफलला दुसरी नळी तुम्ही मागवलीत का? उत्तर देण्याआधी तोंड बघ त्यांचं, मग शब्द ऐक. हो म्हणाले तर गप्प परत ये, आम्ही गाशा गुंडाळायचं बघतो. नाही म्हणाले तर सगळं सांग, आणि म्हण, माझ्या दाजींना त्यातून सोडवा. फोन करू नकोस, फोन ह्यांच्याकडे असतो आणि ह्यांना मी सांगितलेलं नाही. वर्कशॉपच्या पोस्ट बॉक्सवरही लिहू नकोस, ती पेटी हमद उघडतो. भाभींच्या मालकांच्या नावे लिही.”

शुक्रवारच्या आत पत्र पोचणार नाही हे मला माहीत आहे. ह्यांना म्हटलं, पारायण चालू आहे, समाप्तीपर्यंत घरातलं लोखंड उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचं नाही. असं कुठल्या पोथीत नाही. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. पोथीत असं नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.
“बरं,” म्हणाले. “सांगतो हमदला.”

मीही खोटं बोलले मग. देवाच्या नावावर.

पत्राच्या खाली ओळ घातली, शाईने दोनदा गिरवून: सदा, जे काय असेल ते, बरं वा वाईट, उलट टपाली कळव.