काळी पट्टी

३ मार्च, सोमवार
आले एकदाची. तिसऱ्या मजल्यावरची खोली, मोठी खिडकी, खिडकीतून आत घेतलेली अँटेनाची वायर आणि एक टेबल, ज्याचा डावा पाय कागदाच्या घडीवर उभा आहे. सहा महिने माझा मुक्काम इथेच. खाली मास्तरांची थोरली बहीण राहते. त्यांना सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

मास्तर तंत्रशाळेत शिकवायचे. गेल्या वर्षी ते गेले. अँटेना आकाशातल्या लहरी पकडते, अंगठ्याएवढा रिसीव्हर त्या कॉम्प्युटरला देतो आणि पुढचं सगळं मास्तरांचा प्रोग्रॅम करतो. विमानं, बोटी, हवामान, हौशी लोकांच्या गप्पा, सगळं ऐकता येतं. ओपन सोर्स आहे, जगभर हजारो लोक फुकट वापरतात आणि एकजात सगळे त्याच्या स्क्रीनला शिव्या घालतात. तो स्क्रीन सुधारायला स्वयंसेवकांच्या मंडळाने मला नेमलंय.

आज पहिल्या पानावरची बटणं मोजली. त्रेचाळीस! स्वयंपाकघराचा खण जमिनीवर पालथा करावा तसं दिसतं. मला तर हात शिवशिवायला लागलेत.

६ मार्च, गुरुवार
आज पहिली परीक्षा, माझी नव्हे, प्रोग्रॅमची. ताईंनी मागच्या गल्लीतल्या बोटवाल्या काकांना बोलावलं. तीस वर्षं बोटीवर वायरलेस सांभाळलं त्यांनी, आता एकटे राहतात आणि नजर अधू झालीय. मी त्यांना नुसतं आवाज कमी करायला सांगितलं. त्यांनी चार मिनिटं शोधलं आणि शेवटी रेकॉर्डिंग चालू करून बसले. वर मलाच सॉरी म्हणाले. मला इतकी लाज वाटली, जणू तो गोंधळ मीच घातला होता.

मग ते धबधब्यापाशी नाक नेऊन बसले. धबधबा म्हणजे आमच्या स्क्रीनचा मुख्य भाग. आडव्या बाजूला फ्रीक्वेन्सी, आणि वरून खाली काळ सरकत जातो. कुठे कोणी बोललं की तिथे रंगीत रेघ उमटते. काकांनी विचारलं, मधोमध ती बारीक काळी पट्टी दिसते ती स्क्रीनवर आहे की त्यांच्या डोळ्यात. स्क्रीनवरच होती. कंगव्याच्या दातापेक्षा रुंद नसेल. बघते म्हटलं.

१० मार्च, सोमवार
पट्टीचं मूळ सापडलं. बिघाड नाहीच तो. मास्तरांनी मुद्दाम लिहिलंय की एवढा भाग स्क्रीनवर दाखवायचा नाही आणि तिथला आवाजही सोडायचा नाही. कारण दिलेलं नाही. शेजारी फक्त एक ओळ आहे, ‘इथले दाखवू नये. ऐकूही देऊ नये.’

मंडळाला कळवलं. त्यांचं म्हणणं, लोकांची तक्रार जुनीच आहे, काढून टाक. ताईंना जेवताना सहज सांगितलं तर त्या भांडी तशीच ठेवून उठल्या. त्यांना यातलं काही कळत नाही म्हणाल्या, पण त्या पट्टीपायी त्यांचा भाऊ महिनाभर खपला होता, तेवढं माहीत आहे.

तरी काढली. सात ओळी पुसल्या. तिथे आता फिकट निळी रेघ दिसते, एकसारखी, न तुटणारी.

१२ मार्च, बुधवार
नवी आवृत्ती लोकांना दिली! बटणं नऊ. अक्षरं मोठी. काकांच्या कॉम्प्युटरवर स्वतः जाऊन बसवली. त्यांना सगळं पहिल्या फटक्यात सापडलं, लहान मुलासारखे खूश झाले. निघताना त्यांनी विचारलं, ती निळी रेघ कुठल्या स्टेशनची. म्हटलं, ऐकून तुम्हीच सांगा.

१४ मार्च, शुक्रवार
आज मी ऐकली.

एका खोलीचा आवाज आहे. खुर्ची करकरते, कोणीतरी कीबोर्ड बडवतंय, मधेच कोणी फोनवर आईला सांगतंय की बॅगेचं चाक तुटलं, पण सामान नीट पोचलं. तो फोन मी केला होता. ३ तारखेला आले त्या संध्याकाळी, याच खोलीतून.

पहिल्यांदा संताप आला. खोलीत माईक लपवलाय म्हणून खुर्ची उलटी केली, दिव्याचं झाकण काढलं. मग काकांना बोलावलं. त्यांनी लहरी शोधायचं त्यांचं जुनं यंत्र घेऊन भिंत अन् भिंत तपासली. काही नाही. शेवटी त्यांनी अँटेनाची वायरच उपटली. बाकीच्या रेघा एकदम गेल्या. निळी तशीच राहिली.

काकांनी वायर खाली ठेवली. मग म्हणाले की त्यांच्या घरीही तसंच आहे. तिथे त्यांचंच घर ऐकू येतं.

१७ मार्च, सोमवार
मेल येतायत. सतरा झाले. बटणांचं कौतुक आधी, आणि मग खाली विचारलंय की त्या निळ्या रेघेत आमच्याच स्वयंपाकघराचा आवाज कसा येतो.

शनिवारी मी वर्तमानपत्रातला एक आकडा मोठ्याने वाचला होता. रेघेत तो तीन तासांनी आला. काल एक तासाने. आज सकाळी मी बोलत होते आणि हेडफोनमधून माझा आवाज सोबतच येत होता.

पट्टी परत घातली. तशी आवृत्तीही दिली, सगळ्यांनी ताबडतोब घ्या म्हणून लिहिलं. लोक कुठे घेतात लगेच. आणि इथे माझ्या स्क्रीनवर काळ्या पट्टीवरच निळी रेघ दिसतेय. पुसलेल्या सात ओळी मी अक्षरशः तशाच लिहिल्या आहेत. दहादा ताडून पाहिल्या.

१९ मार्च, बुधवार
रेघ पुढे गेली. आधी कप फुटल्याचा आवाज आला. वीस मिनिटांनी माझ्या हातून कप पडला.

दुपारी काकांचा फोन. अगदी शांतपणे सांगत होते, बोटीवर निरोप लिहून घ्यावा तसं. त्यांच्या रेघेत न्हाणीघरात कोणीतरी पडलं. मग नळ वाहत राहिला, बराच वेळ. पुढे रेघ नाही. मी म्हटलं, न्हाणीघरात पाऊल टाकू नका, असेच उठा आणि इकडे या. बरं म्हणाले. हात तेवढे धुऊन येतो म्हणाले.

मी ओरडले, पण फोन ठेवला होता त्यांनी. धावत गेले. दार आतून बंद. पाणी उंबऱ्यावरून बाहेर येत होतं.

२० मार्च, गुरुवार
काका गेले.

मी त्यांना अक्षरं मोठी करून दिली. नाहीतर ती रेघ लावून ऐकणं त्यांना जमलंच नसतं.

ताईंना सगळं सांगितलं. रडल्या नाहीत त्या. म्हणाल्या, मास्तरांनीही ऐकलं होतं. काय ऐकलं ते सांगितलं नाही, फक्त जिन्यावरून उतरताना कठडा घट्ट धरायला लागले होते. जिन्यावरच गेले.

मी विचारलं, मग पट्टी घालून उपयोग काय झाला. ताई म्हणाल्या, “स्वतःसाठी नव्हती घातली त्याने. त्याचं ऐकून झालं होतं. तुम्ही कोणी ऐकू नये म्हणून घातली.”

२१ मार्च, शुक्रवार. सकाळी पावणेअकरा
कॉम्प्युटरची विजेची वायर काढली. स्क्रीन आणि स्पीकर तरी चालूच.

ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. पण—

पावलं आहेत. जिन्यावर. ताईंची नाहीत, त्या घसटत चालतात. दारावर तीन थापा. मग माझा आवाज, “कोण आहे—” आणि पुढे एक शब्द, नीट लागत नाही. मग कडी सरकल्याचा आवाज. मग काही नाही. रेघ संपली. वर नुसतं काळं.

अकरा वाजून दहा
ताई काकांच्या घरी गेल्यात. रेघ आता चाळीस मिनिटं पुढे असावी. म्हणजे अजून वेळ आहे. बॅग भरली. निघते. वही सोबत घेते.

अकरा पंचवीस
जिन्यात गेले होते. खालून कोणीतरी वर येत होतं. हळू. एक पायरी, मग थांबणं. वाकून पाहिलं, कोणी दिसलं नाही, पायरी मात्र वाजली.

परत आत. कडी लावली. टेबल दाराला. खिडकीतून तीन मजले—नाही.

लिहीत राहायचं.

मी बोलणारच नाही. रेघेत माझा आवाज आहे. मी तो काढलाच नाही, तर पुढचं कसं होईल? कडी मी उघडणार नाही. एवढं सोपं आहे. ओढणीने तोंड बांधलंय.

ताई, तुम्ही आधी आलात तर—वर येऊ नका. मंडळाला सांगा, नवी आवृत्ती मागे—

पावलं थांबली. दारापाशी.

एक.

दोन.

तीन.

बोलले नाही. तोंड बांधलेलंच आहे. श्वाससुद्धा—

माझा आवाज. स्पीकरमधून नाही. दाराच्या बाहेरून. माझाच, अगदी माझा, घाबरलेला—

“कोण आहे आत?”

मी आत आहे. मी इथे आ—

कडी. मी हात लावलेला नाही. कडी सर